आधी ओळ, मग समास: मराठी पुस्तकाचं पान बसवण्याचा क्रम

अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय आतल्या बाजूचे शब्द वाचता येत नाहीत, असं एखादं पुस्तक प्रत्येकाच्या कपाटात असतं. अप्पा बळवंत चौकातून नवंकोरं आणलेलं असलं तरी. दोष बाइंडरचा नसतो, संगणकावर पानं लावणाऱ्या ऑपरेटरचाही बहुतेक वेळा नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी समास ठरतात, त्यात मजकूर ओतला जातो, पानं जास्त भरली की समास चेपले जातात आणि ओळ किती लांब झाली हे शेवटपर्यंत कुणी पाहत नाही.

समास म्हणजे उरलेली जागा. ओळीची लांबी आणि पानावरच्या ओळींची संख्या ठरली की जे उरतं ते चार बाजूंना वाटायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा नंतर बदललात तर त्याच्या पुढचे सगळे पुन्हा करावे लागतात, म्हणून हे काम मुद्रितशोधनाच्या आधी व्हायला हवं. प्रूफं वाचून झाल्यावर ओळ ३ मिमीने वाढवली, तर अनुक्रमणिका, सूची आणि 'पाहा, पान अमुक' अशा सगळ्या नोंदी चुकतात.

उदाहरण म्हणून सगळीकडे डेमी आकाराची, एका कॉलमची कादंबरी धरली आहे. दिवाळी अंक, प्रबंध आणि कविता यांचं वेगळं गणित शेवटाकडे आहे.

टप्पा १: कापलेल्या पानाचं माप पक्कं करा

'डेमी' एवढं ऐकून फाइल उघडू नका. २३ × ३६ इंची कागदाची घडी घातली की एक पान ५.७५ × ९ इंच निघतं. वरून, खालून आणि उघडणाऱ्या बाजूने पाव-पाव इंच कटिंग गेलं की हातात येतं ते ५.५ × ८.५ इंच, म्हणजे साधारण १४० × २१६ मिमी. फाइलमधलं पान या कापलेल्या मापाचं हवं. ए-फाइव्ह वेगळं: १४८ × २१० मिमी. डेमीपेक्षा रुंद, पण बुटकं. ए-फाइव्हमध्ये लावलेला मजकूर डेमीवर 'बसवून घ्या' म्हणून प्रेसला दिला, तर एक तर टक्केवारीने तो लहान होतो किंवा समास बिघडतात.

प्रेसला प्रश्न नेमका विचारा: कटिंगनंतरचं माप मिलिमीटरमध्ये किती? एकाच आकाराच्या नावाखाली दोन प्रेसमध्ये ३-४ मिमीचा फरक निघू शकतो.

टप्पा २: बांधणी विचारा, मगच आतल्या समासाचा विचार करा

आतला समास बांधणीवर ठरतो, चवीवर नाही. डेमी आकाराला हे आकडे चालतात:

- सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना): १४-१५ मिमी. पुस्तिका पूर्ण उघडते.
- दोऱ्याने शिवलेली जुजबांधणी: १७-१८ मिमी.
- परफेक्ट बाइंडिंग: १९-२० मिमी. पाठीकडून कागद घासून सरस लावतात आणि पुस्तक सपाट उघडत नाही.
- साइड पिन (पाठीजवळ कडेने पिना): २४-२५ मिमी. पिनच कडेपासून ५-६ मिमी आत असते आणि तिच्यापलीकडे पान वळत नाही.

पुस्तक २५० पानांच्या पुढे असेल, तर परफेक्ट बाइंडिंगला आणखी १-२ मिमी द्या. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर आहे ना, हेही विचारून घ्या. आडवा ग्रेन असेल तर पानं ताठ राहतात, उघडलेलं पुस्तक स्वतःच मिटतं आणि २० मिमीसुद्धा कमी वाटतात.

सावधान: सेंटर पिनच्या जाड पुस्तिकेत आतले कागद बाहेर सरकतात. ६४ पानांच्या पुस्तिकेत १६ कागद एकात एक असतात. कागद ०.१ मिमी जाड धरला तरी सगळ्यात आतलं पान दीड मिलिमीटरच्या आसपास बाहेर येतं आणि कटिंगमध्ये तेवढंच कापलं जातं. इथे बाहेरचा समास १२ मिमीच्या खाली नेऊ नका. सरक भरून काढण्याची सोय प्रेसच्या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरणार का, एवढं विचारा. तुमच्या फाइलमध्ये हाताने पानं सरकवू नका, नाहीतर दुरुस्ती दोनदा होईल.

टप्पा ३: फॉन्ट, आकार आणि दोन ओळींतलं अंतर

मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल आणि पुस्तक युनिकोडमध्ये करायचं असेल, तर रूपांतर आधी पूर्ण करा. दोन्हींतली अक्षरं एकाच पॉइंट मापाला सारखी दिसत नाहीत. एका फॉन्टचं १४ दुसऱ्याच्या १२ एवढं भरतं. आधी समास लावून मग फॉन्ट बदलणं म्हणजे मापं घेतल्यावर कापड बदलणं.

आता दोन ओळींतलं अंतर. रोमन लिपीतली १.२ पटीची सवय देवनागरीला अपुरी पडते. वरच्या ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ उकार, 'ट्ठ', 'द्ध्या' खाली येतात आणि खालच्या ओळीतले रफार, वेलांट्या, अनुस्वार वर जातात. 'द्वंद्वयुद्धाच्या'खाली 'मूर्तींमध्ये' आलं की टक्कर होते. १.३५ ते १.५ पट ठेवा. १३ पॉइंटला १८ पॉइंट सोयीचं, कारण ७२ पॉइंटांचा एक इंच, म्हणून १८ पॉइंट म्हणजे बरोबर पाव इंच, ६.३५ मिमी. पुढचा सगळा हिशोब सोपा जातो.

ओळ जितकी लांब, तितकं हे अंतर जास्त लागतं. ओळीच्या शेवटून परत येताना डोळा पुढची ओळ चुकतो की नाही, हे त्यावरच ठरतं.

टप्पा ४: ओळीची लांबी ठरवा. इथे वेळ घालवा

इंग्रजी मार्गदर्शकांत 'एका ओळीत ६०-७० अक्षरं' असं वाचून संगणकावर अक्षरं मोजणारे फसतात. युनिकोडमध्ये 'स्त्री' हा एकच आकार सहा चिन्हांचा असतो: स, हलंत, त, हलंत, र आणि वेलांटी. त्यामुळे संगणकाची मोजणी फुगते आणि त्या आकड्यावर बसवलेली ओळ प्रत्यक्षात आखूड पडते.

मराठीत शब्द मोजा. एका कॉलमच्या गद्याला ओळीत सरासरी ९ ते ११ शब्द उत्तम. १२ चालून जातात, पण मग ओळींतलं अंतर वाढवा. १३च्या पुढे गेलात तर वाचक बोट ठेवून वाचायला लागतो. आठच्या खाली आलात तर शब्दांमध्ये भोकं पडतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'विद्यापीठासमोरच्या' हा एक शब्द, 'महानगरपालिकेकडूनसुद्धा' हाही एकच. आखूड ओळीच्या शेवटी असा शब्द मावला नाही की तो अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेले पाच शब्द फाकून उभे राहतात.

मोजायची रीत:

१. पुस्तकातलं एक घट्ट वर्णनाचं पान घ्या. संवादाचं नको, त्यात ओळी अर्ध्यावर तुटतात.
२. मजकूर १०५ मिमी रुंदीत लावा.
३. परिच्छेदांच्या मधल्या, पूर्ण भरलेल्या २० ओळी निवडा. परिच्छेदाची पहिली आणि शेवटची ओळ सोडा.
४. शब्द मोजून २०ने भागा.
५. उत्तर ९च्या खाली आलं तर रुंदी २-२ मिमीने वाढवून पुन्हा मोजा. ११च्या वर गेलं तर कमी करा.

१३ पॉइंटच्या बहुतेक युनिकोड फॉन्टना डेमीवर १०२ ते १०८ मिमीची ओळ जमते. फॉन्ट पसरट असेल तर रुंदी वाढवत बसू नका, अर्धा पॉइंट उतरा. लेखकाची भाषाही इथे बोलते. प्रशासकीय किंवा तत्त्वज्ञानाच्या मजकुरात शब्द लांब असतात, गावाकडच्या बोलीतल्या कथेत आखूड. दोघांना एकच माप लावायची सक्ती कुणी केलेली नाही.

तपासा: निवडलेल्या रुंदीत सलग तीन पानं लावून ती उलटी धरा आणि डोळे किलकिले करा. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पांढरे ओघळ दिसत असतील, तर ओळ आखूड आहे किंवा टप्पा ८मधले आकडे चुकले आहेत.

टप्पा ५: उंची मिलिमीटरमध्ये नको, ओळींमध्ये ठरवा

मजकुराची उंची पूर्ण ओळींच्या पटीत हवी. २७ ओळी × ६.३५ = १७१.४५ मिमी. '१७० मिमी, गोल आकडा' असं केलं की सव्वीस ओळी बसतात आणि पाच मिलिमीटर नुसतेच खाली लोंबतात. मग समोरासमोरच्या पानांचे तळ जुळत नाहीत.

बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतरावरच्या रेघा) १८ पॉइंटवर लावा आणि मुख्य मजकूर तिला बांधा. उपशीर्षकाची वरखालची जागा धरून त्याने १८च्या पटीत, म्हणजे ३६ किंवा ५४ पॉइंट घ्यावेत. पातळ कागदावर मागच्या पानाच्या ओळी पुसट दिसतात. त्या पुढच्या ओळींच्या बरोब्बर मागे असतील तर त्रास होत नाही, मधल्या पांढऱ्या जागेत आल्या तर पान मळकट दिसतं.

शेवटची ओळ पुढच्या पानावर उडी मारत असेल, तर मजकुराची चौकट खालून ४-५ पॉइंट लांबवा. समासाला हात लावू नका.

टप्पा ६: उरलेली जागा वाटा

आडवं: १४० − १०५ = ३५ मिमी. परफेक्ट बाइंडिंग आहे, म्हणून आत १९, बाहेर १६.

उभं: २१६ − १७१.४५ = ४४.५५ मिमी. वर २०, खाली २४.५५. पानक्रमांक खालच्या समासात शेवटच्या ओळीपासून १० मिमीवर ठेवला, तरी तो कटिंगपासून साडेचौदा मिमी आत राहतो. वर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव द्यायचं असेल, तर वरचा समास २३-२४ करा आणि एक ओळ कमी करा. नाव आणि क्रमांक दोन्ही असतील तर २६ ओळीच बऱ्या.

देवनागरीत एक गंमत असते. सॉफ्टवेअर वरचा समास चौकटीपर्यंत मोजतं, पण वाचकाच्या डोळ्याला मजकुराची वरची कड म्हणून दिसते ती शिरोरेषा. वेलांट्या आणि रफार तिच्यावर तरंगतात, ते कड बनवत नाहीत. त्यामुळे २० मिमीचा वरचा समास कागदावर २२-२३चा भासतो. वर-खाली सारखे आकडे दिले तर मजकूर घसरल्यासारखा दिसतो तो याचमुळे. खालचा आकडा वरच्यापेक्षा निदान ४ मिमी जास्त ठेवा आणि पट्टी लावायचीच असेल तर शिरोरेषेपासून लावा.

सावधान: कटिंग मशीन १-२ मिमी इकडेतिकडे जातं. कडेपासून ८ मिमीच्या आत पानक्रमांक, रेघ, काहीही ठेवू नका. कडेजवळची बारीक चौकट हा तर हमखास फसणारा प्रकार. पाव मिलिमीटरचा तिरपेपणाही ती ओरडून सांगते.

टप्पा ७: फाइलमध्ये आकडे भरा

नवी फाइल उघडताना समोर येतात ते समास कुणी तुमच्या पुस्तकासाठी ठरवलेले नसतात. इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर चारही बाजूंना १२.७ मिमी देतं, वर्ड अनेकदा २५.४. सगळे पुसा.

इनडिझाइनमध्ये फेसिंग पेजेस सुरू करा, म्हणजे डावा-उजवा जाऊन आतला-बाहेरचा समास येतो. समास मास्टर पेजवर बदला (हा सगळ्या पानांचा साचा; नव्या आवृत्तीत त्याला पॅरेंट पेज म्हणतात). चालू पानावर उभं राहून मार्जिन्स अँड कॉलम्स उघडलंत तर तेवढीच पानं बदलतात, आणि १६० पानांच्या पुस्तकात पान ८४-८५ वेगळं का दिसतंय याचा शोध छापून आल्यावर लागतो.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते: समासाच्या रेघा सरकतात, पण मजकुराच्या चौकटी जागच्या जागी राहतात. प्रायमरी टेक्स्ट फ्रेम (साच्यातूनच येणारी मजकुराची चौकट) वापरली असेल तर अॅडजस्ट लेआउट त्या हलवतं. त्याच खिडकीत फॉन्टचा आकार बदलण्याचा पर्याय असतो, तो बंद असल्याची खात्री करा. चालू राहिला तर १३चा मजकूर १२.७३ होतो आणि टप्पा ४ची मोजणी वाया जाते. हे करण्याआधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

वर्डमध्ये मिरर मार्जिन्स निवडा आणि बदल 'होल डॉक्युमेंट'ला लागू करा. नाहीतर, प्रकरणागणिक सेक्शन ब्रेक असतील तर बदल चालू सेक्शनपुरताच राहतो. आतल्या समासात बांधणीची जागा धरली असेल तर गटर (बांधणीसाठीची जादा जागा) शून्य ठेवा. दोन्हीकडे भरलं की ओळ गुपचूप आखूड होते. लिबरऑफिसमध्ये हेच काम पेज स्टाइलमध्ये 'मिरर्ड' निवडून होतं.

तपासा: पान १ उजवीकडे आहे ना? ऐनवेळी अर्पणपत्रिकेचं एकच पान घुसवलं की पुढची सगळी पानं बाजू बदलतात. प्रोग्रॅम समास उलटवतो, पण हाताने ठेवलेली चित्रं आणि पानक्रमांक उलटतीलच असं नाही. पानं नेहमी जोडीने वाढवा.

टप्पा ८: ओळी भरण्याचे आकडे

इनडिझाइनमध्ये आधी वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोझर निवडा. तो नसेल तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. मग जस्टिफिकेशनमध्ये:

- शब्दांमधलं अंतर: किमान ८०, इष्ट १००, कमाल १४० टक्के.
- अक्षरांमधलं अंतर: तिन्ही रकान्यांत शून्य. यात तडजोड नाही. एक-दोन टक्के दिले तरी शिरोरेषेला चिरा पडतात. पडद्यावर दिसल्या नाहीत तरी छपाईच्या प्लेटवर उमटतात.
- अक्षरांची रुंदी: ९८, १००, १०२. याहून ताणलं तर शेजारच्या ओळींतला फरक कळतो.

शब्दतोड आपोआपवर सोडू नका. मराठी वाचकाला ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द खटकतो, आणि यंत्र कुठे तोडेल याचा नेम नाही. फारच फाकलेल्या ओळीत हाताने, शब्दाच्या किंवा प्रत्ययाच्या सांध्यावर तोडा: 'महानगर-पालिकेकडून' ठीक, 'महानगरपालि-केकडून' नाही. दोन्ही बाजूंना किमान दोन अक्षरं राहू द्या. साधी संयोगरेषा टंकू नका. मजकूर पुढे सरकला की ती ओळीच्या मधोमध येऊन बसते. त्यासाठी डिस्क्रिशनरी हायफन वापरा, तो शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच दिसतो.

टप्पा ९: खरी परीक्षा कागदावर

पडद्यावर समास कधीच कळत नाहीत. आठ पानं छापा, समोरासमोर.

इथे एक फसगत ठरलेली. डेमीची जोडपानं २८० × २१६ मिमी होतात. ए-फोर कागद २९७ × २१०. सहा मिलिमीटर मावत नाहीत, म्हणून प्रिंटर 'फिट टू पेज' करून मजकूर लहान करतो आणि तुम्ही तीन-चार टक्के आकसलेलं पान बघून 'समास छान मोकळे आलेत' म्हणता. ए-थ्रीवर छापा किंवा ए-फोरवर एकेक पान काढून कापून चिकटवा. प्रमाण १०० टक्के, क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) सुरू. छापून आल्यावर पट्टीने ओळ मोजा: १०५ मिमी नसेल तर ती प्रिंट टाकून द्या.

कापलेली पानं तेवढ्याच जाडीच्या जुन्या पुस्तकात मध्यावर सरकवा आणि नेहमी धरता तसं धरून वाचा. अंगठे मजकुरावर येतात का? आतली अक्षरं पाठीच्या वळणात शिरतात का? आत खुपत असेल तर बाहेरून २ मिमी काढून आत घाला. ओळ १०५च राहील.

पानं जास्त भरली तर

समास चेपण्याची खरी वेळ इथेच येते. समजा १६ पानी फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले पानांचे गट) आहेत, दहा फर्म्यांची १६० पानं हवीत आणि मजकूर १६३वर संपतोय. आतला समास ३ मिमीने खाऊन ओळ १०८ केली तर जेमतेम तीन टक्के, म्हणजे चार-पाच पानं वाचतात आणि पुस्तक कायमचं गच्च होतं. त्याऐवजी पानावर एक ओळ वाढवा. २७च्या २८ केल्या की १६३ची साधारण १५७ होतात. उंची १७७.८ मिमी. वर १७, खाली २१.२ उरतात. पानक्रमांक शेवटच्या ओळीपासून ९ मिमीवर घ्या. आतल्या समासाला धक्का नाही.

त्याआधी फुकटची जागा शोधा. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकटाच 'होता.' किंवा 'आहे.' पडलेल्या जागा शोधून त्या परिच्छेदात शब्दांमधलं अंतर किंचित कमी केलं की ओळ वाचते. प्रकरणाचं शेवटचं पान तीन ओळींचं असेल तर तिथून सुरुवात करा, अख्खं पान मिळतं. आणि प्रेस अर्धा फर्मा घेत असेल तर १६८ पानं करून मोकळे व्हा.

वेगळ्या मजकुराचे वेगळे आकडे

दिवाळी अंक: क्राउन पाव, कापून १८४ × २४१ मिमी. पूर्ण रुंदीची ओळ कधीच नको. दोन कॉलम, मध्ये ६ मिमी, दोन्ही बाजूंना १६ धरले तर कॉलम ७३ मिमीचा होतो. १२ पॉइंटला सहा-सात शब्द मावतात. तीन कॉलम केले तर चार-पाच शब्द, तिथे उजवी कड मोकळीच सोडा. दोन्ही कडा जुळवायच्या हट्टाने शब्दांमध्ये बोटभर भोकं पडतात.

प्रबंध: विद्यापीठाच्या नियमात समास दिलेले असतात, तेच पाळा. एकाच बाजूला छापून जाड पुठ्ठ्याची बांधणी असेल तर डावीकडे ३८ मिमी सर्रास ठेवतात. उजवीकडे २५ धरले की ए-फोरवर १४७ मिमीची ओळ उरते. १२ पॉइंटला ती वाचवत नाही, म्हणून १४ पॉइंट आणि दीडपट अंतर. इथे मिरर मार्जिन्स बंद.

कविता: सगळ्यात लांब ओळ मोजा, ती न मोडता बसेल एवढी रुंदी घ्या आणि डावी कड संग्रहभर एकच ठेवा. प्रत्येक कविता पानाच्या मध्यावर आणायला गेलात तर पान उलटताना डावी कड नाचते.

प्रेसला देताना

पीडीएफसोबत एका कागदावर लिहून द्या: कापलेलं माप, आतला समास, बांधणी, एकूण पानं. पानं जुळवणारा माणूस कधीकधी 'मजकूर मध्यावर' आणतो आणि तुमचे १९-१६ परस्पर साडेसतरा-साडेसतरा होतात. 'मजकूर मध्यावर घेऊ नये' हे वाक्य त्या कागदावर ठळक हवं. पहिल्या फर्म्याची घडी घातलेली डमी मागा, पान ८-९ उघडा आणि पट्टी लावून दोन्हीकडचे १९ मिमी मोजून मगच छपाईला होकार द्या.